एका नंबरावर दोन बाया

माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा आमच्या खिडकीत यायचा तो प्लास्टिकच्या डबीत, फॉर्मालीनच्या पाण्यात बुडवलेला. कधी लिंबाएवढा, कधी तांदळाच्या दाण्याएवढा. डबीवर नाव, वय आणि दवाखान्याचा नंबर. डबी घ्यायची, वहीत सही करायची आणि समोरच्या माणसाच्या तोंडाकडे बघायचं नाही. तोंडाकडे बघितलं की तो विचारणार, काय निघेल हो? आणि आपल्याला ठाऊक नसतं.

या दिवाळी अंकाच्या संपादकबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, काका, तुमच्या नोकरीवर लिहा. मी म्हटलं, सातवी शिकलेला माणूस, काय लिहिणार. त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा. माझी बायको सुमन जाऊन सात महिने झाले. घरात बोलायला कोणी नाही, तेव्हा कागदावर बोलतो. शुद्धलेखन बाईंनी बघावं.

हैदराबादच्या एका कॅन्सरच्या दवाखान्यात चौतीस वर्षं काढली. कागदावर शेवटपर्यंत अटेंडंट. पहिली तीन वर्षं बरण्या धुतल्या. मग तिथल्या जुन्या डॉक्टरसाहेबांनी माझे हात बघितले आणि कापायला बसवलं. कापायचं म्हणजे असं. तुकडा स्पिरिटच्या एकेका भांड्यातून फिरवून त्यातलं पाणी काढायचं आणि वितळलेल्या मेणात बसवायचा. मेण थिजलं की झाला ब्लॉक, साबणाच्या वडीच्या चतकोराएवढा. तो यंत्रावर लावून चाक फिरवलं की केसापेक्षा बारीक पापुद्रे निघतात, एकाला एक चिकटून रिबीन होते. ती कोमट पाण्यावर सोडायची. सुरकुती गेली की काचेच्या पट्टीनं खालून अलगद उचलायची. मग जांभळा आणि गुलाबी रंग द्यायचा. ती काच मायक्रोस्कोपखाली ठेवून डॉक्टर सांगणार, कॅन्सर आहे की नाही, असला तर कसला.

डॉक्टर कितीही शिकलेला असू दे, पापुद्रा फाटका असला तर त्याला काय दिसणार? माझ्या काचा फाटक्या नसायच्या. मुंबईहून आलेल्या एका मोठ्या डॉक्टरनं विचारलं होतं, ही काच कोणी केली. साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. तेव्हा माझ्या हातात बादली होती.

काच बघून झाली तरी ब्लॉक टाकत नाहीत. लोखंडी कपाटांच्या खणांत नंबरवार ठेवतात. पुन्हा लागला तर पुन्हा कापता येतो. सिकंदराबादचे एक रिटायर सुभेदार दर वर्षी तपासणीला आले की आधी माझ्या खिडकीत यायचे आणि विचारायचे, "वाघमारे भाई, मेरा माल है ना?" मी खण उघडून त्यांचा ब्लॉक दाखवायचो. ते बघायचे, मान हलवायचे आणि जायचे. लोक हसायचे. मी हसलो नाही. अंगातून निघालं तरी ते त्यांचंच होतं.

आता मूळ गोष्टीवर येतो. ही मी नोकरीत असताना कोणाला सांगितली नव्हती.

आमच्या दवाखान्यात सरकारी कार्डावर उपचार होतात. कार्ड इथल्याच माणसाला मिळतं. पण आमच्या मराठवाड्याकडची माणसं नांदेड, देगलूर, बिलोलीहून इथेच येतात. पूर्वीपासून हैदराबादच आमचा मोठा दवाखाना. इथे कोणाची बहीण असते, कोणाची नणंद असते. मग बहिणीचं कार्ड घेऊन यायचं. फोटो जुना, बाई पदर घेतलेली, कोण बघतंय. माझ्या खिडकीत आले की मराठी ऐकून जीव भांड्यात पडायचा आणि हळूच सांगायचे, "भाऊ, कार्ड जाऊबाईचं हाय."

मी काय करायचो? डबी घ्यायचो. आणि नंबर लिहिताना त्याच्या शेजारी पेन्सिलीनं एक बारीक टिंब द्यायचो. नंबर पेन्सिलीनंच लिहायचा असतो, शाई स्पिरिटमध्ये धुऊन जाते. टिंबाचा अर्थ एकट्या मला ठाऊक. नाव हे, पण अंग दुसरं. एका नंबराखाली दोन बायांचे तुकडे आले तर माझ्याकडून अदलाबदल होऊ नये, एवढ्यासाठी. डॉक्टर समोर आहे ती काच बघून उत्तर देतो, त्यामुळे रिपोर्ट कधी चुकला नाही. मला वाटायचं, मी दोघांनाही सांभाळलं. दवाखान्यालाही आणि आपल्या माणसांनाही.

त्यातल्या एक अनसूयाबाई आणि एक गोदाबाई. सख्ख्या जावा. अनसूयाबाई नवऱ्याबरोबर इथे चिक्कडपल्लीत राहायच्या, गोदाबाई देगलूरकडे. लग्नानंतर दोघींनी बरीच वर्षं गावाकडे एकाच चुलीवर स्वयंपाक केला होता. अनसूयाबाईंना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला. उपचार अर्धवट राहिले, गावाकडे गेल्या आणि चार महिन्यांत वारल्या. मेल्याचं इथे कोणी कळवलं नाही. कार्ड चालू राहिलं. पुढे तीन वर्षांनी गोदाबाईला तोच आजार निघाला आणि ती अनसूया होऊन आली. मी टिंब दिलं.

तोवर दवाखान्यात नवी पद्धत आली होती. पूर्वी एका आजाराला सगळ्यांना एकच औषध. आता तुकड्याची जीन तपासणी करतात आणि ज्याच्या गाठीत जो बिघाड, त्याला त्याची गोळी. शिंप्याकडे माप देऊन कपडा शिवावा तसं. गोदाबाईचं माप जुळलं. गोळी लागू पडली. पाच वर्षं झाली, बाई अजून चालतीबोलती आहे. दर महिन्याला दवाखान्यात येते आणि अनसूया म्हणून हाक मारली की उठते.

मी रिटायर झालो आणि वर्षाच्या आत परत बोलावणं आलं. एका कंपनीशी दवाखान्याचा करार झाला होता. जुन्या काचा कॉम्प्युटरला दाखवायच्या, सोबत त्या पेशंटचा जीनचा रिपोर्ट आणि पेशंट किती जगला ते द्यायचं. अशा हजारो काचा बघून कॉम्प्युटर शिकणार आणि मग नुसती काच बघून सांगणार की या बाईला ही गोळी चालेल की नाही. जुने खण लावायचे तर मीच लागणार होतो. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सहा महिने मी काचा काढून दिल्या आणि पुढेही खिडकीवर तसाच राहिलो.

कंपनीचा कार्तिक नावाचा इंजिनिअर होता, चांगला मुलगा, मला अंकल म्हणायचा. त्याला मी विचारलं की या लोकांना विचारलंय का. तो म्हणाला, नावं झाकलीत, आता ती कोणाची ते कोणालाच कळणार नाही, मग विचारायचं काय? काचेच्या कडेला चिठ्ठीची जागा असते, तिथे नाव आणि नंबर असतो. यंत्र तेवढी कडा सोडून बाकीचा फोटो घ्यायचं. माझी टिंबं त्या कडेवर. तीही नावांबरोबर झाकली गेली.

तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. हा माझा गाढवपणा. सहा महिने हातानं काचा देत होतो आणि डोक्यात आलं नाही.

मग सुमनला खोकला लागला. जामबागेतल्या एका वसतिगृहात तिनं बावीस वर्षं पोळ्या लाटल्या. तंबाखूला कधी हात लावला नाही. फुप्फुसाचा फोटो काढला, सुई घातली, तुकडा निघाला भाताच्या शितापेक्षा लहान. डबी माझ्याच खिडकीत आली. तो तुकडा मी कापला. दुसऱ्याच्या हाती द्यायची हिंमत झाली नाही. काच चांगली झाली, पण जीन तपासणीपुरतं काही उरलं नाही.

एरवी डॉक्टरनं सांगितलं असतं, पुन्हा सुई घालू. पण आता कॉम्प्युटर होता. काच त्याला दाखवली. तो म्हणाला, गोळी चालायची शक्यता फार कमी. वरच्या डॉक्टरांनी म्हटलं, मग बाईला पुन्हा त्रास कशाला, साधी केमो सुरू करू. त्यांनीही वाईट हेतूनं म्हटलं नाही. सुई घालणं सोपं नसतं.

सुमननं मला विचारलं, "गोळी लागू पडणार नाही असं कोण म्हणालं?"

मी म्हटलं, कॉम्प्युटर.

"त्यानं मला कवा बघितलं?"

"तुला नाही. तुझी काच बघितली."

"आणि तुम्ही गप बसलात."

मी गप बसलो होतो. चौतीस वर्षांत साहेबांनी कितीदा रिपोर्टवर लिहिलेलं मी पाहिलं होतं की एवढ्यावरून सांगता येत नाही, आणखी तुकडा पाठवा. डॉक्टर लोक चिडायचे, पण पाठवायचे. कॉम्प्युटर ते कधी म्हणताना मी पाहिला नाही. त्याला विचारलं की तो काहीतरी आकडा देतोच.

पाच महिने केमो झाली. केस गेले, वजन गेलं, गाठ वाढली. मग आमच्या खात्याच्या प्रमुख वसुंधरा मॅडम अडून बसल्या आणि पुन्हा सुई घालायला लावली. या वेळी तपासणीपुरता तुकडा निघाला. माप जुळलं. कॉम्प्युटरनं नाही सांगितलेली तीच गोळी तिची होती. सुरू केली, ती दोन महिने उठून बसली, एक दिवस वरणफळं केली. पण उशीर झाला होता.

ती गेल्यावर सोळाव्या दिवशी मी कामावर गेलो. कार्तिक भेटायला आला, वाईट वाटतं म्हणाला. मी विचारलं, का चुकलं ते सांग. तो प्रामाणिकपणे म्हणाला, अंकल, ते आत कसं ठरवतं हे आम्हालाही दाखवता येत नाही. इथल्या आधी त्याला परदेशातल्या काचा दाखवल्यात, त्या जास्त आहेत, आपल्याकडच्या बायांच्या कमी आहेत, म्हणून असेल. किंवा काच आणि रिपोर्ट यांची जोडी कुठे चुकली असेल.

जोडी म्हटलं आणि मला माझी टिंबं आठवली.

नंबर एक. त्यात काचा दोन, अनसूयाबाईची आणि गोदाबाईची. जीनचा रिपोर्ट एक, तो गोदाबाईचा. कंपनीच्या यादीत नंबरावरून तो दोन्ही काचांना लागला. म्हणजे अनसूयाबाईची काच दाखवून त्याला शिकवलं गेलं होतं की हिचं माप जुळलं आणि ही गोळीवर अजून जगते आहे. अनसूयाबाई चार महिन्यांत मेली होती. तिनं गोळी बघितलीसुद्धा नव्हती. अशा जोड्या किती, ते एकट्या मला ठाऊक. मोजल्या तर फुप्फुसाच्या नऊ निघाल्या, काहींत न जुळल्याचा रिपोर्ट दुसऱ्याच बाईच्या काचेला लागलेला.

नऊ जोड्यांमुळे माझ्या बायकोचं उत्तर चुकलं असं मी म्हणत नाही. तसं कोणालाच सांगता येणार नाही. पण नाही असंही सांगता येणार नाही, आणि हेच मला झोपू देत नव्हतं. सांगावं तर गोदाबाईचं कार्ड जाणार. कार्ड गेलं की गोळी बंद, आणि गोळी बंद झाली की काय होतं ते मी घरात बघितलेलं. न सांगावं तर उद्या दुसऱ्या कोणाची सुमन. आठ दिवस मी दवाखान्यात जाऊन खणांसमोर बसून यायचो. त्यात एक दिवस गोदाबाईच खिडकीत आली. "वहिनी गेल्या म्हणे, भाऊ," म्हणाली आणि डोळ्याला पदर लावला. तिच्या पिशवीत गोळ्यांचं पाकीट होतं. मला तिच्याकडे बघवेना.

शेवटी मी मॅडमच्या खोलीत गेलो. मॅडम तेलुगू, माझ्याहून वीस वर्षांनी लहान. आमचं बोलणं दखनीत चालतं, इथे मराठीत लिहितो. मी म्हटलं, नऊ नंबर देतो. त्यांच्या काचा कॉम्प्युटरमधून काढून टाका. का ते विचारू नका.

त्या म्हणाल्या, विचारल्याशिवाय कसं काढू?

मग सांगितलं. नाव एकाही बाईचं सांगितलं नाही. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. त्यांचं हे एक वाक्य दखनीतच ठेवतो, "इत्ते साल कैकू नै बोले, वाघमारे?"

मी म्हटलं, बोललो असतो तर तुम्हाला कागदावर आणावं लागलं असतं.

"तुम्हाला वाटलं तुम्ही उपकार केले," त्या म्हणाल्या. "त्या बाईवर केले. पण तिच्यानंतर येणाऱ्या सगळ्या बायांच्या ताटात काय वाढलं गेलं ते तुम्ही बघितलं नाही."

मी नऊ नंबरांची चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली.  

त्यांनी कार्तिकला बोलावलं. नंबर बघून तो म्हणाला, एवढ्यानं काही होत नाही, हजारोंत नऊ, थोडा कचरा मशीन पचवतं. मी म्हटलं, बाळा, ती कचरा नाही. त्या बाया आहेत, आणि चुकीची गोष्ट त्यांच्या नावावर मी घातली आहे. तुझ्या मशीनला पचेल. ज्या बाईला तिचं उत्तर मिळणार तिला पचायचं नाही. तो वरमला. मॅडमनी कागदावर एवढंच लिहिलं की या काचांच्या जोडीची खात्री नाही, वगळाव्यात. त्याखाली स्वतःची सही केली. खात्री नाही हे खरंच होतं, आणि त्यात कोणाचं कार्ड येत नव्हतं. आणखी एक केलं. तुकडा कमी असेल तर कॉम्प्युटरच्या उत्तरावर थांबायचं नाही, पुन्हा सुई घालायची की नाही हे पेशंटला बसवून विचारायचं, असं खात्यात लावून घेतलं. त्यासाठी त्यांना वरच्यांशी भांडावं लागलं. सगळ्यांनी ऐकलं असं नाही.

गोदाबाईला गोळी अजून मिळते. हे छापून आल्यावर कोणी शोधायला गेलं तर सांगून ठेवतो, दोघी जावांची नावं, गावं, वस्ती, सगळं मी बदललं आहे.

गेल्या महिन्यात मॅडमनी मला पुन्हा बोलावलं. आता नवा नियम, काच वापरायच्या आधी घरच्यांची परवानगी घ्यायची. त्यांनी फॉर्म पुढे ठेवला. सुमनचा ब्लॉक हवा होता, दुसऱ्या सुईचा, तुकडा चांगला असलेला. म्हणाल्या, कॉम्प्युटरनं जिथे चूक केली तीच काच त्याला शिकवायला सगळ्यात कामाची आहे. अशा बायांच्या काचा आपल्याकडे कमीच आहेत. त्यांचं खरं होतं. फॉर्म इंग्रजीत होता, मी घरी आणला. माझी मुलगी मित्रा बँकेत आहे, तिनं वाचून मराठीत सांगितला. म्हणाली, "बाबा, करा सही. आई काय म्हणाली असती? घ्या की, मला आता त्याचं काय काम, असंच म्हणाली असती."

मी म्हटलं, असंच म्हणाली असती. पण हे तू म्हणतेस.

मित्रा रागावली. तुम्हीच ओरडता आमच्या बायांच्या काचा नाहीत म्हणून, आणि आता देत नाही. तिचंही खरं. दोन दिवस फॉर्म टीव्हीवर पडून होता.

मला काय खुपत होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. कोणी विचारलं नाही, कोणी विचारलं नाही, असं मी कार्तिकला, मॅडमना, सगळ्या दवाखान्याला ऐकवत आलो. सुमन शेवटचे दोन महिने शुद्धीवर होती. मी रोज तिच्या उशाशी बसून होतो. पाणी हवं का विचारलं, पाय चेपू का विचारलं, मित्राला बोलावू का विचारलं. तिचा ब्लॉक कुठल्या कपाटात, कुठल्या खणात आहे ते मला पाठ होतं. पुढे त्याचं काय करायचं हे तिला विचारावं, असं मला एकदाही सुचलं नाही. माझा जन्म त्या खणांत गेला आणि मला सुचलं नाही.

फॉर्म तसाच कोरा मॅडमच्या टेबलावर ठेवला. म्हटलं, तिचा नको. तिला विचारायचं राहून गेलं, ते मला आता तिच्या बदल्यात सांगता येत नाही. मॅडम म्हणाल्या, ठीक आहे, आणि फॉर्म बाजूला ठेवायला लागल्या. मी म्हटलं, थांबा. दुसरा कोरा फॉर्म द्या. उद्या माझ्या अंगातून काही निघालं तर ते घ्या, दहा कॉम्प्युटरांना दाखवा. मी समोर बसलोय, जिवंत आहे. मला विचारा.

त्यांनी विचारलं. पूर्ण फॉर्म वाचून, एकेक ओळ, दखनीत. तास लागला.